न्यूट्रल–अर्थची गाठ कुठे? घराचा बोर्ड बदलतानाच्या नोंदी

शनिवार, ६ जानेवारी २०२४

मीटरशेजारचा जुना बोर्ड बदलायचा, एवढंच काम डोक्यात धरून सुरुवात केली. आत्ता लाकडी फळीवर चिनी मातीचे कटआउट (फ्यूजचे धारक) आहेत. त्या जागी डीबी (लाइन वाटून देणारा डबा), डबल पोल मेन स्विच (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा), पुढे ३० मिलिअँपिअरचे दोन आरसीसीबी (करंटची गळती झाली की लाइन तोडणारे खटके) आणि त्यांच्यापुढे एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारे खटके). एक आरसीसीबी घराचा, दुसरा मागच्या शेडमधल्या छोट्या बोर्डाचा. शेडवर ग्राइंडर, पंपाचा स्टार्टर, दोन दिवे आणि भिंतीपलीकडचं वॉशिंग मशीन. पुढून मागे गेलेली केबल ४ चौरस मिलिमीटरची, तीन तारांची (फेजने करंट येतो, न्यूट्रलने परततो, अर्थ उपकरणांच्या पत्र्यांना जोडलेली), २२ मीटर. शेडचा बोर्ड आतून नीटनेटका दिसतो, त्याला हात लावायचा विचार नाही.

निमित्त आई. मशीनला ओला हात लागला की मुंग्या येतात असं ती दोन महिने सांगते आहे. काल विचारलं, मशीन चालू असताना का? "नाही गं, मशीन तर बंदच होतं. तू वर गिझर लावला होतास ना, तेव्हा." हे तिचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवते. गिझरची लाइन वेगळी, पुढच्या बोर्डावरून थेट वर गेलेली. तिचा मशीनशी काय संबंध, मला आत्ता सांगता येत नाही.

आज फक्त मापं. शेडच्या सॉकेटवर, ग्राइंडर चालू ठेवून: फेज–न्यूट्रल २२६ व्होल्ट, फेज–अर्थ २२६, न्यूट्रल–अर्थ ०.०. अर्थिंग उत्तम.

रविवार, ७ जानेवारी

वायरमनकाका सकाळीच आले. परवाना त्यांचा, म्हणून जोडण्या त्यांच्या हातच्या. माझ्याकडे तारा सोलणं, लग दाबणं आणि वही. मेन बंद, मग टेस्टरवर न विसंबता मीटरने प्रत्येक तार फेजशी, न्यूट्रलशी, अर्थशी तपासली आणि नंतरच हात घातला.

नव्या डीबीत न्यूट्रलच्या पट्ट्या दोन, प्रत्येक आरसीसीबीची आपापली. अर्थची पट्टी तिसरी, डब्याला थेट बसलेली. न्यूट्रलच्या दोन्ही पट्ट्या प्लास्टिकच्या पायांवर, डब्यापासून अलग.

इथे एक प्रश्न अडला. गेले काही दिवस मी अमेरिकन पद्धतीच्या बोर्डांचे व्हिडिओ पाहत होते. तिथे घराच्या पहिल्या मुख्य बोर्डात न्यूट्रलची पट्टी आणि अर्थची पट्टी मुद्दाम एकमेकांना जोडतात. कुठे पट्टी लावून, कुठे हिरवा स्क्रू आत पिळून. मग मीही इथे जोड द्यायचा का? तांब्याची पट्टी कापून तयार ठेवली होती. काकांना विचारलं. ते म्हणाले, "ताई, मी आजवर कुठल्या घरात असा जोड दिला नाही. पण का देत नाही, ते मला नीट सांगता यायचं नाही." त्यांनी हे सरळ सांगितलं म्हणून बरं झालं. जोड दिला नाही, प्रश्न उघडा ठेवला.

काकांनी शेवटी फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून दाखवला. लख्ख पेटला. संध्याकाळी सहाला लाइट सुरू केली. घराचा आरसीसीबी टिकला. मागचा वर केला की खाली. पुन्हा वर, पुन्हा खाली.

बुधवार, १० जानेवारी

तीन दिवस वेळ लिहून ठेवली. मागचा आरसीसीबी भर दुपारी टिकतो, कधी तासभर. संध्याकाळी सातनंतर क्षणभरही टिकत नाही. आज शेडमधले चारही एमसीबी खाली केले, मशीनची पिन काढली, पंप बंद. म्हणजे त्या आरसीसीबीपुढे काहीच चालू नाही. तरी सातला पडला.

पहिला विचार आला की आरसीसीबीच खराब. तो बदलून आणण्याआधी दुपारी एक प्रयोग केला. टिकलेला असताना वर जाऊन गिझर लावला. खाली येईपर्यंत मागचा आरसीसीबी पडलेला. गिझर ज्याच्यावर आहे तो घराचा आरसीसीबी मात्र जागच्या जागी. तीनदा केलं, तीनदा तेच. आईचं वाक्य खरं होतं, आणि दोन महिने मी ते ऐकून सोडून दिलं.

रात्री कागदावर बसले. आरसीसीबीच्या आत एक लोखंडी कडं असतं, त्यातून फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारा जातात. जाणारा आणि येणारा करंट सारखा असेल तर कड्यात चुंबकत्व उरत नाही. फरक पडला की बारीक गुंडाळीत करंट येतो आणि खटका पडतो. नेमका कुठे पडतो? प्रमाणानुसार १५ मिलिअँपिअरला पडायचा नाही आणि ३० पर्यंत पडलाच पाहिजे.

म्हणजे शेडच्या फेजमधून काही जात नसतानाही न्यूट्रलमधून काहीतरी वाहतं आहे. एमसीबी सिंगल पोल आहेत, ते फक्त फेज तोडतात. सगळे खाली केले तरी न्यूट्रलची तार सलग उभी असते. "सगळं बंद केलंय" असं मी म्हणत होते, तेव्हा अर्धंच बंद होतं.

शनिवार, १३ जानेवारी

काकांना पुन्हा बोलावलं. मागची लाइन अर्ध्या तासापुरती आरसीसीबी वगळून, नुसत्या एमसीबीवर घेतली. इतकी वर्षं ती तशीच होती. आईला मागे फिरकू नकोस असं सांगितलं आणि मशीनपाशी मी स्वतः थांबले.

आवाराच्या टोकाला, घराच्या अर्थ इलेक्ट्रोडपासून (अर्थसाठी जमिनीत पुरलेला धातू) वीसेक मीटरवर, ओल्या मातीत एक सळई ठोकली. तिच्यापासून लांब वायर आणून मीटरचं एक टोक तिला आणि दुसरं मशीनच्या पत्र्याला लावलं. गिझर बंद असताना ०.४ व्होल्ट. गिझर लावला: ४.६ व्होल्ट. त्याच क्षणी शेडच्या सॉकेटवर न्यूट्रल–अर्थ ०.०.

हे दोन आकडे शेजारी लिहिले आणि सहा तारखेची "अर्थिंग उत्तम" ही ओळ खोडली. शून्य खरं होतं, त्याचा अर्थ मी उलटा लावला होता. न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांच्या तुलनेत शून्यावर होते, पण दोघंही मिळून जमिनीपेक्षा वर उचलले जात होते. मी एका नावेतल्या दोघांच्या उंचीतला फरक मोजत होते आणि नाव किती वर आली ते पाहतच नव्हते.

खरं तर शून्य दिसताच शंका यायला हवी होती. ग्राइंडर चालू असताना न्यूट्रलमधून करंट जातो, तारेला रोध असतो, म्हणून न्यूट्रलवर थोडा तरी व्होल्टेज पडतोच. अर्थच्या तारेतून एरवी काही वाहत नाही, तिच्यावर काही पडत नाही. मग लांबच्या सॉकेटवर या दोघांत व्होल्ट–दोन व्होल्ट तरी दिसले पाहिजेत. भार चालू असताना बरोबर शून्य आलं तर जवळच कुठेतरी दोघांना कोणीतरी बांधलेलं आहे.

मग क्लॅम्प मीटर (तार न तोडता करंट मोजणारा) इलेक्ट्रोडकडे जाणाऱ्या अर्थच्या तारेवर लावला. ०.२६ अँपिअर. जिच्यातून काहीच वाहायला नको त्या तारेतून २६० मिलिअँपिअर, ३० च्या जवळजवळ नऊपट. ४.६ ला ०.२६ ने भागलं तर १७.७ ओहम येतात. इलेक्ट्रोडचा रोध मोजला की हा आकडा ताडून पाहायचा.

आईच्या मुंग्यांचं कारणही यातच. ४.६ व्होल्ट कोरड्या हाताला कळत नाहीत. ओला हात, अनवाणी पाय, खाली ओली फरशी असेल तर शरीराचा रोध हजार ओहमच्या आसपास येऊ शकतो, म्हणजे चारेक मिलिअँपिअर. माणसाला अर्धा मिलिअँपिअरपासून जाणवायला लागतं. जीवाला धोका नाही इतकाच तो करंट होता. त्या दिवसापुरता.

सोमवार, १५ जानेवारी

वीजपुरवठा कार्यालयात जाऊन आले. प्रश्न एकच विचारला: आमच्या घरासाठी न्यूट्रल आणि अर्थचा जोड कुठे आहे? अभियंत्यांनी उत्तर स्पष्ट दिलं. ट्रान्सफॉर्मरच्या स्टार पॉइंटपाशी (तिन्ही फेजच्या गुंडाळ्या मिळतात तिथे) न्यूट्रल जमिनीला जोडलेला आहे. घरापर्यंत पुरवठ्याकडून अर्थची तार येत नाही, घराचा अर्थ घराच्याच इलेक्ट्रोडवर. म्हणून घरात न्यूट्रल आणि अर्थ कुठेही एकत्र आणायचे नाहीत, मुख्य बोर्डातही नाहीत.

याला आयईसी ६०३६४ या आंतरराष्ट्रीय प्रमाणात टीटी पद्धत म्हणतात. अक्षरं फ्रेंचवरून आली आहेत. पहिलं अक्षर पुरवठ्याचं: टी म्हणजे तेअर, जमीन. दुसरं घरातल्या उपकरणांच्या पत्र्यांचं: टी असेल तर त्यांचा आपला इलेक्ट्रोड, एन असेल तर ते पुरवठ्याच्या न्यूट्रलच्या अर्थबिंदूला तारेनेच जोडलेले. टीएन-एसमध्ये अर्थची तार ट्रान्सफॉर्मरपासूनच न्यूट्रलपासून वेगळी येते. टीएन-सी-एसमध्ये दोघांची मिळून एक तार येते आणि घराच्या दाराशी दोन होते. अमेरिकन व्हिडिओतला हिरवा स्क्रू या शेवटच्या जातीतला. त्यांच्याकडे तो पहिल्या मुख्य बोर्डात असलाच पाहिजे, आणि त्यापुढच्या प्रत्येक उपबोर्डात नसलाच पाहिजे.

तिन्ही पद्धतींत एक गोष्ट सारखी दिसली. न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना भेटतात, भेटलेच पाहिजेत, पण ती जागा नेमलेली असते आणि त्या जागेपासून पुढे घराच्या आत ते पुन्हा कधी भेटत नाहीत. ती जागा कुठली हे पुरवठा ठरवतो. मी बोर्ड सुंदर बांधला म्हणून ती माझ्या बोर्डात येत नाही. कापून ठेवलेली तांब्याची पट्टी मी लावली असती तर घराचा सगळा अर्थ न्यूट्रलवर स्वार झाला असता. ती भंगारात टाकली.

पुढे दुसरी भेट झाली तर काय होतं, हे आता आमच्याच घरात दिसतं आहे. गिझरचा परतीचा करंट न्यूट्रलने ट्रान्सफॉर्मरकडे जातो. सर्व्हिस वायरच्या रोधामुळे न्यूट्रल थोडा वर उचलला जातो. शेडमध्ये जोड असल्याने परतीला दुसरी वाट मिळते: मागच्या आरसीसीबीच्या न्यूट्रलमधून उलटं शेडपर्यंत, जोडातून अर्थच्या तारेत, तिथून इलेक्ट्रोड, माती आणि ट्रान्सफॉर्मरचा अर्थ. करंट "सगळ्यात सोपी वाट" धरतो असं म्हणतात ते अर्धवट आहे. तो सगळ्या वाटा धरतो, ज्याच्या त्याच्या रोधाच्या व्यस्त प्रमाणात. थोडा करंट मातीतून जाणारच, आणि मागच्या आरसीसीबीला तो फक्त एका तारेतून जाताना दिसणार. संध्याकाळी आमचं काही चालू नसतानाही पडतो तो शेजारच्या घरांमुळे. त्याच सर्व्हिस लाइनचा न्यूट्रल त्यांच्या भारानेही उचलला जातो.

आणि खरी भीती याच्या पुढची. सर्व्हिस न्यूट्रल एखाद्या खांबावर सुटला तर? जोड नसेल तर घर अंधारात जाईल, बस. जोड असेल तर गिझरचा करंट अर्थच्या तारेतून मातीत जायला बघेल. दोन किलोवॅटचा गिझर म्हणजे २६.५ ओहम. इलेक्ट्रोड १८ धरला, ट्रान्सफॉर्मरचा अर्थ २ धरला, एकूण ४६.५. करंट पाच अँपिअरच्या जरा आत. इलेक्ट्रोडवर, म्हणजे अर्थला जोडलेल्या प्रत्येक पत्र्यावर, ८९ व्होल्ट. फ्रिज, मशीन, गिझर, ग्राइंडर, सगळ्यांवर एकाच वेळी. एमसीबी पडणार नाही, कारण पाच अँपिअर त्याच्या दृष्टीने साधा भार आहे. हे गणित मी दोनदा तपासलं आणि रात्रीच शेडची लाइन मेनपासून बंद करून ठेवली. जोड सापडेपर्यंत ती बंदच.

शनिवार, २० जानेवारी

शोध. सकाळी नऊ ते दुपारी चार.

मेन डबल पोल बंद, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही पुरवठ्यापासून सुटे. शेडच्या बोर्डात न्यूट्रलची पट्टी आणि अर्थची पट्टी यांच्यात काकांचा कंटिन्युइटी मीटर लावला. हा साध्या मल्टिमीटरपेक्षा इथे उपयोगी, कारण तो किमान २०० मिलिअँपिअर सोडून मोजतो आणि ओहमचा शंभरावा भाग दाखवतो. आधी त्याच्या वायरी एकमेकींना लावून त्यांचा स्वतःचा रोध वजा केला. वाचन: ०.०० ओहम.

०.०० म्हणजे जोड बोर्डातच. पण डोळ्यांना काही दिसेना. दोन्ही पट्ट्या वेगळ्या, तारा वेगळ्या, रंगसुद्धा बरोबर. न्यूट्रलच्या पट्टीवरच्या सगळ्या तारा सोडवल्या आणि नुसती पट्टी डब्याशी मोजली, तरी ०.००. पट्टी काढून मागे पाहिलं तेव्हा कळलं. प्लास्टिकचे पाय नव्हतेच. लोखंडी स्क्रूने पट्टी थेट डब्याच्या पत्र्यावर आवळलेली, आणि डबा अर्थला. कदाचित पाय तुटले असतील आणि काम अडू नये म्हणून तशीच बसवली असेल. समोरून पाहणाऱ्याला सगळं नीट दिसणार. मलाही तसंच दिसलं होतं.

पट्टी नव्या पायांवर घेतली, तारा परत जोडल्या. मला वाटलं, झालं. काका म्हणाले, "मोजल्याशिवाय झालं म्हणायचं नाही, ताई." वाचन: ०.२१ ओहम.

म्हणजे दुसरा जोड, आणि तो बोर्डात नाही. इथे मला या कामातला सगळ्यात आवडलेला क्षण मिळाला. २.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध मीटरला ७.४१ मिलिओहम. जोडापर्यंत न्यूट्रलने जायचं आणि अर्थने परतायचं, म्हणजे दर मीटरला १४.८ मिलिओहम. ०.२१ ला त्याने भागलं: १४ मीटर. शेडमधून निघणाऱ्या केबलींत चौदा मीटरची एकच आहे, पंपाची. मशीनची तीन मीटर, दिव्यांच्या पाच–सहा. आकड्यानेच बोट दाखवलं.

पंपाच्या स्टार्टरचा डबा उघडला. न्यूट्रलच्या टर्मिनलपासून डब्याच्या बॉडी स्क्रूपर्यंत काळ्या तारेचा बोटभर तुकडा. दोन्ही टोकं व्यवस्थित वळवून आवळलेली. हे चुकून झालेलं नव्हतं.

तुकडा काढला. वाचन पल्ल्याबाहेर. मग मेगर (तारांमधलं इन्सुलेशन मोजणारा मीटर): मशीनची पिन काढून, स्टार्टरपुढची मोटार सोडवून, न्यूट्रल ते अर्थ ५०० व्होल्ट डीसी. ८५ मेगाओहम. किमान १ मेगाओहम हवा असतो. आता झालं म्हणायला हरकत नाही.

हा तुकडा कोणी आणि का लावला यावर काकांशी बराच वेळ बोलणं झालं. आमच्या इलेक्ट्रोडचे १८ ओहम आणि ट्रान्सफॉर्मरचे २ धरले, तर पंपाच्या बॉडीला फेज लागल्यावर २३० ला २० ने भागून साडेअकरा अँपिअर वाहतील. १६ अँपिअरचा एमसीबी त्याला कधीच पडणार नाही. सी जातीच्या एमसीबीला झटक्यात पडायला पाच ते दहापट, म्हणजे ८० ते १६० अँपिअर लागतात. पंपाची बॉडी २०० व्होल्टच्या वर तशीच बसून राहील. ज्याने तुकडा लावला त्याने बहुधा असा झटका बसलेला पाहिला असेल, आणि न्यूट्रलला जोडल्यावर फ्यूज धाडकन उडतो हेही पाहिलं असेल. फ्यूज उडतो हे खरंच आहे. न्यूट्रलची वाट ओहमच्या आतली, शेकड्यांनी अँपिअर वाहतात. त्याने समोरचा एक धोका घालवला आणि न्यूट्रल सुटण्याचा दुसरा आत आणून ठेवला, जो वर्षानुवर्षं गप्प बसू शकतो. त्याच्या हातात आरसीसीबी नव्हता. मी त्याला अडाणी म्हणणार नाही.

अर्थिंगबद्दल मीही चुकीचंच समजत होते. करंट "जमिनीत जिरतो" आणि माणूस वाचतो, असं. करंट कुठेच जिरत नाही, तो ट्रान्सफॉर्मरला परततो. माती ही परतीची वाट म्हणून फार अरुंद आहे. अर्थच्या तारेचं काम बिघाडाचा करंट परत नेऊन कोणता तरी खटका पाडणं हे आहे, आणि टीटी घरात तो खटका आरसीसीबीचाच असावा लागतो. काकांचा बल्बसुद्धा याचमुळे फसवा. ६० वॅटचा बल्ब पाव अँपिअर घेतो, १८ ओहमवर त्याचे पाच व्होल्टही पडत नाहीत, तो लख्खच पेटणार. आणि शेडमध्ये जोड असताना, मध्ये आरसीसीबी नसता, तर इलेक्ट्रोडची तार तुटलेली असती तरी पेटला असता.

रविवार, २१ जानेवारी

मागचा आरसीसीबी रात्रभर टिकला.

सकाळी मात्र मागच्या दारावरचा दिवा लावला आणि दोन्ही आरसीसीबी एकदम पडले. दोन्ही एकदम म्हटल्यावर उत्तर लगेच सुचलं: उसना न्यूट्रल. दिव्याचा फेज घराच्या लाइनचा आणि न्यूट्रल जवळ म्हणून शेडकडचा घेतलेला. ९ वॅटचा एलईडी जवळपास ४० मिलिअँपिअर घेतो, तेवढा एकातून जातो आणि दुसऱ्यातून येतो. दोघांनाही गळती दिसते. न्यूट्रलची तार बदलली. अर्ध्या तासाचं काम.

बुधवार, २४ जानेवारी

जोड निघाल्यावर गिझर लावून पुढच्या बोर्डात न्यूट्रल–अर्थ मोजलं होतं: ५.१ व्होल्ट. हा आकडा प्रामाणिक, पण जास्त. गिझरच्या पावणेनऊ अँपिअरला इतका व्होल्टेज पडतो म्हणजे सर्व्हिसच्या न्यूट्रलमध्ये कुठेतरी ढिला सांधा. सील केलेल्या भागाला आपण हात लावायचा नसतो. कार्यालयात लेखी तक्रार दिली. आज माणसं येऊन गेली. खांबावरचा न्यूट्रलचा सांधा काळा पडलेला होता, त्यांनी नवा केला. आता त्याच भाराला २.२ व्होल्ट.

पंधरा तारखेला मांडलेलं "न्यूट्रल खांबावर सुटला तर" हे गणित कागदावरचं वाटत होतं. त्या काळ्या सांध्याचा फोटो वहीत चिकटवला आहे.

रविवार, २८ जानेवारी

इलेक्ट्रोड मोजला. मेन बंद करूनच त्याची तार सोडायची, नाहीतर तेवढा वेळ घर अर्थशिवाय चालू राहतं. मीटर एका सळईतून करंट सोडतो आणि मधल्या सळईवर व्होल्टेज मोजतो. करंटची सळई २० मीटरवर, व्होल्टेजची सळई त्याच्या ६२ टक्क्यांवर, म्हणजे १२.४ मीटरवर. १८.१ ओहम. मधली सळई थोडी पुढे–मागे करून पाहिली, आकडा फारसा हलला नाही, म्हणजे अंतर पुरेसं होतं. तेरा तारखेला क्लॅम्पवरून १७.७ आले होते. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आलं, याचा फार आनंद झाला.

तार परत जोडून लूप टेस्टरने फेज–अर्थची पूर्ण फेरी मोजली: २०.२ ओहम. ३० मिलिअँपिअरने गुणलं तर ०.६ व्होल्ट. आरसीसीबी पडायच्या आत पत्र्यावर ५० व्होल्टच्या वर टिकून राहायला नको, ही अट. त्या हिशेबाने १६६७ ओहमपर्यंत चालेल, पण २०० च्या वरचा इलेक्ट्रोड भरवशाचा धरत नाहीत, माती वाळली की तो कुठेही जाऊ शकतो.

आरसीसीबीची तपासणी, दोन्हींची: १५ मिलिअँपिअरला पडले नाहीत. ३० ला घराचा २८ मिलिसेकंदांत, मागचा ३१. दीडशेला १९ आणि १८. मर्यादा अनुक्रमे ३०० आणि ४०.

आरसीसीबीवरच्या टेस्ट बटणाबद्दल एक नोंद, कारण धाकट्या भावाने विचारलं, "बटण दाबून पडतो म्हणजे अर्थिंग ठीक ना?" नाही. बटण आतल्या आत एका रोधकातून कड्याला बगल देऊन करंट सोडतं. अर्थची तार सुटलेली असली तरी बटण दाबल्यावर तो पडेलच. बटणाने खटका कळतो, अर्थिंग कळत नाही. फेज आणि न्यूट्रल दोन्ही हातांनी धरले तर आरसीसीबीला तो साधा भार दिसतो, तेही त्याला सांगितलं.

शनिवार, ३ फेब्रुवारी

पाण्याचा लोखंडी पाइप घरात शिरतो तिथून अर्थच्या पट्टीपर्यंत ६ चौरस मिलिमीटरची हिरवी–पिवळी तार नेली. पाइप रंगवलेला होता, क्लॅम्पखालचा रंग घासून काढला, नाहीतर जोड नुसता दिसायला.

इन्व्हर्टर घ्यायचा विचार आहे. तो आला की हा प्रश्न पुन्हा उघडावा लागेल. लाइट गेल्यावर ट्रान्सफॉर्मरपाशी असलेला न्यूट्रल–अर्थ जोड घराला मिळतो का, ते न्यूट्रल कुठून कसा बदलला जातो यावर ठरतं. चेंजओव्हरने (लाइनवरून इन्व्हर्टरवर नेणारा स्विच) फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडले तर ट्रान्सफॉर्मरचा जोड मागे राहतो. मग इन्व्हर्टरच्या न्यूट्रलला त्याच्या बाजूला स्वतःचा जोड लागतो, नाहीतर आरसीसीबीला पडायला परतीची वाटच उरत नाही. काकांना आधी दाखवल्याशिवाय घ्यायचा नाही.

डीबीच्या झाकणाच्या आत कागद चिकटवला, वर पारदर्शक पट्टी:

"पुरवठा टीटी. न्यूट्रल–अर्थ जोड ट्रान्सफॉर्मरपाशी. या बोर्डात, शेडच्या बोर्डात, स्टार्टरमध्ये जोडू नये. इलेक्ट्रोड १८.१ ओहम, २८-१-२०२४. शेडच्या सॉकेटवर भार चालू असताना न्यूट्रल–अर्थ शून्य आल्यास जोड शोधावा."

आई काल दुपारी मशीनपाशी होती. वर गिझर चालू होता. मी विचारलं तेव्हा तिने ओला हात पत्र्यावर तसाच ठेवला आणि म्हणाली, "कुठे काय?"

राहिलेलं काम: वरच्या बाथरूममधल्या लोखंडी पाइपांचा आपसातला जोड. मे महिन्यात माती वाळल्यावर इलेक्ट्रोड पुन्हा मोजायचा.